जुना पितळी पिक ग्लास परत कामाला कसा लावायचा

जुन्या सामानात कधीकधी एक छोटी पितळी वस्तू हाताला लागते, तीन पट्ट्या बिजागरीने जोडलेल्या, घडी घातली की काडेपेटीएवढी होते आणि उघडली की वरच्या पट्टीत भिंग, खालच्या पट्टीत चौकोनी भोक आणि मधली पट्टी दोघांना बरोबर अंतरावर उभं धरून ठेवते. बरेच जण तिला घड्याळजीचं नाहीतर सोनाराचं भिंग समजतात. पण ते आहे कापड तपासायचं, म्हणजे एका इंचात किती धागे आहेत ते मोजायचं भिंग, कापडाच्या धंद्यातले लोक त्याला पिक ग्लास म्हणतात, कुणी लिनन टेस्टर म्हणतं. मला ही वस्तू फार आवडते आणि ती नुसती शोकेसमध्ये पडून राहिली की वाईट वाटतं, कारण शंभर वर्षं जुना पिक ग्लाससुद्धा नीट असेल तर आज तितकंच खरं माप देतो. फक्त त्याच्याकडून काम कसं घ्यायचं ते माहीत पाहिजे.

कापड आणि भिंग यांचं नातं तसं खूपच जुनं आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा लेवेनहूक, ज्याने १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहून सूक्ष्मजीवांचं जग दाखवलं, तो मुळात कापडाचा व्यापारी होता आणि त्या धंद्यात सूत बघायला भिंग वापरायचेच. त्याच्या आधी १६६५ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने अगदी तलम लिननचा तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला तर त्यातले धागे त्याला जाड्या दोरखंडासारखे दिसले.

या पितळी साधनांचे ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात. पहिला वर सांगितलेला घडीचा. दुसरा स्क्रूवाला, म्हणजे एका पट्टीवर मोजपट्टी कोरलेली असते आणि शेजारची मूठ फिरवली की भिंग आणि त्याच्याखालचा बारीक काटा असे दोन्ही कापडावरून सरकत जातात, हा एक इंचापासून तीन इंचापर्यंत मोजू शकतो आणि कामाला सगळ्यात भारी. तिसरा म्हणजे खरोखरचा छोटा मायक्रोस्कोप, पितळी नळी, खाली भोकाचं बूड किंवा तीन पाय, आत वर आणि खाली वेगवेगळी भिंगं. हा तिसरा वापरताना एक लक्षात ठेवा, त्यात चित्र उलटं दिसतं, कापड डावीकडे सरकवलं की आत ते उजवीकडे पळतं. सवय होईपर्यंत मोजताना गोंधळ होतो. पहिल्या दोन्हीत सुलटंच दिसतं.

पॉलिश करू नका, आधी साफ करा

हातात आल्याआल्या ब्रासो लावून चकाचक करायची घाई असते सगळ्यांना. प्लीज नका करू. जुन्या पितळी यंत्रांवर बऱ्याचदा लॅकरचा पातळ थर असतो, तो म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, त्यात रंगासाठी हळदीसारख्या गोष्टीही घालायचे आणि पितळ कोमट करून त्यावर ब्रशने लावायचे. तो सोनेरी रंग पितळाचा कमी आणि लॅकरचा जास्त असतो. पॉलिशने तो खरवडून जातो आणि स्पिरिटने, सॅनिटायझरने विरघळून जातो, आणि एकदा गेला की गेला. शिवाय मोजपट्टीच्या कोरलेल्या रेघांमध्ये काळं मेण किंवा रंग भरलेला असतो, पॉलिशची पेस्ट तोही काढते आणि रेघांच्या कडा झिजवते. जे साधन मोजायला वापरायचंय त्याच्या रेघाच पुसट करायच्या हे मला तरी अजिबात पटत नाही.

लिंबू, चिंच, व्हिनेगर असलं आंबट काहीही लावू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबटाने वरचं जस्त निघून जातं आणि लालसर गुलाबी डाग उरतात. काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया असेल तर तोही लांब ठेवा. दाबून, वाकवून बनवलेल्या पितळात ताण अडकलेला असतो आणि अमोनिया लागला की तिथे तडे जाऊ शकतात. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात असेच तडे जायचे, कारण ती तबेल्यात ठेवलेली असायची आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया तिथल्या हवेत असायचा. हे कोडं १९२१ मध्ये नीट उलगडलं. पिक ग्लासची बिजागरी आणि वाकवलेले कान हीच ताणाची ठिकाणं, म्हणून काळजी.

मग करायचं काय? आधी मऊ ब्रशने आणि हवा मारायच्या रबरी फुग्याने धूळ उडवा, कारण धुळीसकट पुसलं की भिंगावर ओरखडे येतात आणि ते परत निघत नाहीत. मग कापसाच्या काडीवर डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचा अगदी अंश घेऊन भिंग मधून बाहेर असं गोल फिरवत पुसा, दुसऱ्या नुसत्या ओल्या काडीने साबण काढा आणि कोरड्या काडीने संपवा. काडी ओली हवी, थबथबलेली नको. भिंग पाण्यात बुडवू नका, कारण काही चांगल्या साधनांमध्ये दोन काचा कॅनडा बालसम नावाच्या चिकाने चिकटवलेल्या असतात, स्पिरिट, थिनर किंवा उष्णता लागली की तो चीक सुटायला लागतो. कडेने पिवळट झाक किंवा इंद्रधनुष्यी रेघा दिसल्या तर समजा सुटायला सुरुवात झालीय, मधला भाग स्वच्छ असेल तर काम चालतं, उगीच खोलायला जाऊ नका.

पितळ नुसत्या कोरड्या मऊ कापडाने पुसा. हिरवा गंज असेल तर लाकडी टूथपिकने, दुसऱ्या भिंगातून बघत, हळूहळू उकरा, सुई किंवा ब्लेड वापरलं तर पितळावर चरे पडतात. बिजागरी जाम असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा बारीक थेंब टूथपिकच्या टोकाने सोडायचा आणि एक रात्र तसंच ठेवायचं, मग थोडं थोडं हलवायचं. जोर लावला की बिजागरीची पिन वाकते आणि मग भिंग भोकाच्या वर सरळ उभंच राहत नाही, सगळं साधन बाद. उरलेलं तेल टिपून घ्या, नाहीतर ते कापडाला लागेल.

आधी साधन तपासा, मग कापड

लोकांचं लक्ष जातं भिंगाकडे, पण माप देतं ते खालचं भोक. त्यामुळे भोक किती मोठं आहे हे स्वतः मोजल्याशिवाय एकही धागा मोजू नका. बाजूला १ इंच लिहिलंय म्हणून ते एक इंच असेलच असं नाही. व्हर्नियर कॅलिपरने चारही बाजू मोजा. आजचा इंच २५.४ मिमी, अर्धा १२.७, पाव ६.३५. पण जुना युरोपियन माल असेल तर भोक पॅरिसच्या जुन्या इंचात असू शकतं आणि तो २७.०७ मिमीचा होता, व्हिएन्नाचा इंच २६.३४ मिमीचा. म्हणजे पॅरिस इंचाच्या भोकात ६० धागे मोजले तर आजच्या इंचात ते ५६ च्या आसपास होतात, आणि हा फरक कापडाची प्रत चुकीची ठरवायला पुरेसा आहे. काही साधनांवर एक सेंटीमीटरचं भोक असतं, त्याचा आकडा २.५४ ने गुणला की इंचाचा मिळतो.

भोकाच्या कडा घासून, कानशीने साफ करून मोठ्या झालेल्या असतात तेही याच मापात कळतं. अर्धा इंचाचं भोक १२.७ ऐवजी १३ मिमी निघालं तर शंभर धाग्याचं कापड तुम्हाला १०२ च्या वर दिसणार. यात घाबरायचं काही नाही, साधन टाकून द्यायचं नाही, खरं माप एका चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवायचं आणि हिशोब त्यानेच करायचा.

स्क्रूवाल्या प्रकारात काट्याची ढिलाई बघा. मूठ एका दिशेने फिरवून काटा एका रेघेवर आणा, मग उलटी फिरवा आणि काटा हलायला लागेपर्यंत मूठ किती फुकट फिरली ते बघा. जुन्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच, उपाय सोपा आहे, मोजताना कायम एकाच दिशेने फिरवायचं, पुढे गेलात तर बरंच मागे येऊन परत त्याच दिशेने यायचं. आणि मोजपट्टी एखाद्या चांगल्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून पूर्ण लांबी जुळते का तेही बघून घ्या.

भिंगाची ताकद किती हेसुद्धा घरी काढता येतं, पण त्यासाठी ते सुटं होत असेल तर बरं. खोलीत खिडकीच्या समोरच्या भिंतीवर कागद धरा आणि भिंग पुढे मागे करत लांबच्या झाडाचं किंवा इमारतीचं चित्र कागदावर स्पष्ट आणा, भिंग ते कागद हे अंतर मिमीमध्ये मोजा आणि २५० ला त्याने भागा. ५० मिमी आलं तर ५ पट, २५ आलं तर १० पट. एक इंचाच्या भोकाची भिंगं कमी ताकदीची असतात आणि ती तशीच हवीत, कारण अख्खा इंच कडेपर्यंत न वाकता एका नजरेत दिसायला पाहिजे. पाव इंचवाली जास्त ताकदीची चालतात. इंचाला ८० धागे असले तर एका धाग्यापासून दुसरा जेमतेम ०.३२ मिमीवर असतो, पाच पटीत तो दीड मिमीच्या वर दिसतो, तेवढं डोळ्याला पुरतं.

विकत घेताना हेच सगळं बघायचं, आणि एक जास्तीचं. नवीन माल जुना म्हणून विकतात, त्यावर जुन्या कंपनीचं नाव कोरलेलं असतं आणि काळपटपणा केमिकलने आणलेला असतो. खऱ्या वापरातल्या वस्तूची झीज ठराविक जागी असते, घडीच्या कोपऱ्यांवर, बोटं लागतात तिथे, बुडाच्या खालच्या कडांवर. सगळीकडे सारखाच काळपट असेल आणि खाचाखोचांत पण बोटांच्या जागी पण तोच रंग असेल तर मी घेणार नाही.

आता मोजणी

कापड टेबलावर सपाट पसरा, हाताने फक्त सुरकुत्या काढा, ताणू नका. ताणलं की धागे लांब जातात आणि आकडा कमी येतो. कापड काही तास मोकळं सोडलेलं असेल तर उत्तम, लॅबमध्ये २० डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मगच मोजतात. धुतलेलं आणि कोरं कापड यांची तुलना करू नका, धुतल्यावर आटतं आणि धागे जवळ येतात.

ताणा कुठला आणि बाणा कुठला ते आधी ठरवा. किनार असेल तर प्रश्नच नाही, किनारीला समांतर तो ताणा. तुकड्याला किनार नसेल तर कापड दोन्ही बाजूंनी हलकं ओढा, ताण्याच्या दिशेला ते सहसा कमी ताणलं जातं, ताण्याचे धागे जास्त सरळ आणि बहुतेक वेळा संख्येने जास्त असतात, पीळही जास्त असतो. दोन तीन खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील तर धरून चाला.

उजेड हा अर्धा खेळ आहे असं मला वाटतं. वरून सरळ उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं, टेबल लॅम्प कडेला खाली आणा म्हणजे उजेड तिरका पडेल आणि प्रत्येक धाग्याला सावली मिळेल. ताणा मोजत असाल तर उजेड डावीकडून किंवा उजवीकडून हवा, बाणा मोजायचा असेल तर तुमच्या समोरून किंवा तुमच्या बाजूने, पण तिरकाच, म्हणजे सावली धाग्याच्या कडेला पडते. विरळ पांढऱ्या कापडाखाली काळा कागद ठेवा, काळ्या कापडाखाली पांढरा, आणि गडद घट्ट कापड असेल तर खालून उजेड देऊन बघा.

पिक ग्लास ठेवताना भोकाची एक बाजू धाग्यांना अगदी समांतर करा, तिरका ठेवला तर आकडा चुकतो. मग भोकाची डावी कड दोन धाग्यांच्या मधल्या फटीवर आणा, म्हणजे पहिला धागा पूर्ण आत येईल. आता बारीक सुई घ्या आणि टोकाने एकेक धागा ओलांडत मोजा, नुसत्या नजरेने मोजायला गेलात की तिसाव्या धाग्यापर्यंत जागा हरवते. दहा दहाचे गट करा. शेवटी उजव्या कडेला धागा अर्धवट कापला जात असेल तर तो अर्धा धरा. डोळा भिंगाच्या जवळ आणि बरोबर वर ठेवा, बाजूने बघितलं तर कड धाग्याच्या तुलनेत सरकलेली दिसते.

एका जागी मोजून थांबू नका. निदान पाच जागी मोजा, आणि त्या जागा तिरक्या रेषेत घ्या म्हणजे दरवेळी वेगळे ताणे आणि वेगळे बाणे येतील. किनारीजवळचा भाग सोडा, तिथे धागे दाट असतात, पन्ह्याचा दहावा हिस्सा दोन्हीकडून सोडला की चालतं. समजा ७२, ७१, ७३, ७२, ७२ आले, सरासरी ७२. हातमागाच्या कापडात बाण्याचे आकडे जागोजागी जास्त हलतात कारण ठोका हाताचा असतो, तिथे पाचऐवजी आठ दहा जागा घ्या.

भोक लहान असेल तर चूक मोठी होते, ही गोष्ट बरेच जण विसरतात. एक इंचात एक धागा चुकला तर चूक एकाची, पाव इंचात एक चुकला तर चारने गुणून चारची. म्हणून विरळ कापडाला पाव इंचाचं भोक वापरूच नका, तिथे दोन तीन इंच मोजणारा स्क्रूवाला घ्या नाहीतर सरळ पट्टी ठेवून मोजा. पाव इंच हे अतिशय दाट कापडासाठी आहे.

ट्विलमध्ये, म्हणजे तिरक्या रेघा दिसणाऱ्या विणीत, एकेक धागा मोजणं त्रासाचं असतं, तिथे तिरक्या रेघा मोजा. वीण दोनावर दोन असेल तर चार धाग्यांनी पुनरावृत्ती होते, म्हणजे बाण्याच्या दिशेने एका इंचात १५ रेघा आल्या तर ताण्याचे १५ गुणिले ४ म्हणजे ६० धागे. डेनिम सहसा तीनावर एक, तिथेही चारनेच गुणायचं. सॅटिनच्या पुढच्या बाजूला लांब तरंगणारे धागे एकमेकांवर चढलेले असतात, तिथे उलट बाजूने बघा. आणि कुठल्याच पद्धतीने खात्री होत नसेल तर शेवटचा उपाय, कोपऱ्यातून एक इंच मोजून कापा आणि धागे एकेक ओढून काढत मोजा. कापड खराब होतं पण उत्तर पक्कं मिळतं. धागे मोजायच्या आयएसओ ७२११-२ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्येही उसवून मोजणं, काउंटिंग ग्लास म्हणजे आपला पिक ग्लास आणि स्क्रूवाला काउंटर या तिन्ही पद्धती आहेत, म्हणजे तुमच्या हातातलं जुनं साधन अजूनही नियमात बसतं. होजिअरीच्या कापडात ताणा बाणा नसतोच, तिथे टाक्यांचे उभे रकाने आणि आडव्या ओळी मोजायच्या.

एकदा हात बसला की मोजणीच्या पलीकडचंही दिसायला लागतं. चादरीच्या पाकिटावर ८०० थ्रेड काउंट, म्हणजे इंचातले ताणे आणि बाणे मिळून, लिहिलेलं असतं ना, त्यातला एक धागा काढून पीळ उलटा सोडवा. दोन पदर सुटे झाले तर दुपदरी सूत आहे, आणि बऱ्याचदा तो मोठा आकडा प्रत्येक पदर वेगळा मोजून आणलेला असतो. मोजणीच्या नियमाने दुपदरी धागा हा एकच धागा. पीळ कुठल्या बाजूचा तेही बघा, धागा उभा धरला आणि तिरप्या रेघा खालून डावीकडून वर उजवीकडे जात असतील तर तो झेड पीळ, उलट असेल तर एस.

छापलेलं की विणलेलं हा प्रश्न तर पिक ग्लास चुटकीसरशी सोडवतो. छापाचा रंग वरच्या अंगाला असतो, सुईने धागा थोडा बाजूला केला की दुसरा धागा ज्याच्यावरून जातो तिथे खाली पांढरा भाग दिसतो. सूत आधी रंगवून विणलेलं असेल, म्हणजे इकत वगैरे, तर धाग्याला सगळ्या बाजूंनी रंग असतो. जरीत पातळ धातूची पट्टी आतल्या धाग्यावर गुंडाळलेली असते ती स्पष्ट दिसते, आणि प्लास्टिकची चमकी असेल तर नुसती चपटी फीत दिसते.

पण तंतू कशाचा आहे हे या भिंगाने ठरवू नका. कापसाच्या तंतूचा पिळलेल्या फितीसारखा आकार, लोकरीवरचे खवले, जवसाच्या तंतूवरच्या गाठी हे बघायला शंभर पटीच्या आसपास ताकद आणि काचपट्टी लागते. पाच दहा पटीत फक्त केसाळपणा, जाडी बारीकी, गाठी एवढंच कळतं.

काम झालं की घडी घालून ठेवा, उघडा पिक ग्लास उन्हात राहिला तर भिंगाखाली कापड जळू शकतं. मूळ चामडी पाकीट असेल तर ते जपा, पण पितळ त्यात कायमचं ठेवू नका, चामड्यातल्या चरबीशी तांब्याचा संबंध आला की हिरवट मेणचट थर येतो, जुन्या पाकिटातल्या साधनांवर तो अगदी हमखास दिसतो. ॲसिड नसलेल्या कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या छोट्या डब्यात ठेवा, सोबत भोकाचं खरं माप लिहिलेली ती चिठ्ठी, आणि चामडी पाकीट शेजारी वेगळं.